मशीनला अर्थ नाही

आधी तिचं सांगते, मग माझं. रबाळ्याच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठी जे गाव आहे, तिथे मिठागरावर टोपली वाहणारी एक बाई राहते. सगळं गाव तिला वयनी म्हणतं, म्हणून मीही वयनी म्हणते. मी ना तिच्या जातीची, ना गावची, ना नात्याची. कारखान्यात विजेचे इन्स्पेक्टर आले होते, त्यांनी त्यांचं काम चोख केलं, त्यांचेही उपकार मी विसरत नाही. पण त्यांना कायद्याने पाठवलं होतं. वयनीला कुणीच पाठवलं नव्हतं. माझ्या पाठीशी उभं राहा असं तिला कुठल्या कलमाने सांगितलं नव्हतं. तरी ती राहिली. म्हणून पहिला मान तिचा.

मी माणदेशातली. चौथीत असताना शाळा सुटली. घरचे म्हणतात तूच सोडलीस, मी म्हणते तुम्ही सोडवलीत. धाकटी भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं, एवढंच खरं. लिहिणं अडखळत, वाचणं बरं, एवढी शिदोरी घेऊन माझं लग्न झालं. नवरा ट्रकवर क्लीनर. त्याची गाडी पनवेलहून कधी पुण्याला, कधी महाडकडे जायची, आणि तो आठवड्यातून एखादा दिवस घरी असायचा. ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. काल भाताचं खाचर होतं तिथे आज तारेचं कुंपण. त्यातल्या एका औषधाच्या कारखान्यात बायका घेतात असं कुणीतरी सांगितलं, आणि आम्ही वयनीच्या घराच्या पडवीला लागून असलेली खोली भाड्याने घेतली.

पहिले काही दिवस मला रडूच यायचं. आमच्याकडे पाण्यासाठी मैलोन्‌मैल तंगडतोड, आणि इथे दाराशी पाणी येऊन उभं, पण तोंडात घेववेना असं खारट. वयनी म्हणाली, "रडू नको गो. डोल्यातला पानी पन खाराच हाय, खाडीला काय कमी हाय काय?" मला हसू आलं. गाव सोडल्यापासून ते पहिलं हसू.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून ठेवते. कडी लावली की दोनदा ओढून बघते. नवरा ठरल्या दिवशी आला नाही तर ट्रक घाटात कोसळल्याचं मनात आधी पूर्ण होतं, मग तो दारात दिसतो. अशा बाईला काम मिळालं ते बाटल्या धुवायच्या शेडमध्ये.

शेडमध्ये एक लांबलचक मशीन होतं. त्यावर ओळीने ब्रश फिरायचे. बाटली उपडी करून ब्रशावर चढवायची, फिरली की काढायची, पुढच्या हौदात टाकायची. जमिनीवर कायम सोड्याचं पाणी. पाय अनवाणी, कारण चप्पल त्या पाण्यात टिकायची नाही. पहिल्याच दिवशी मशीनच्या पत्र्याला माझं मनगट लागलं आणि कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. बाटली हातातून सुटून फुटली.

शेजारी तुर्भ्याची मावशी होती, सगळ्यांत जुनी. ती म्हणाली, "फळी नाय आणली? आधी फळी आणायची, मग मशीनला हात लावायचा. कोणी सांगितलं नाय काय तुला?"

मग मला कळलं की शेडमध्ये प्रत्येक बाईची स्वतःची फळी आहे. बाटल्यांची खोकी येत, त्यांच्या लाकडाची. कुणी फळीवर कुंकवाचं बोट ओढलेलं, कुणी खिळ्याने चांदणी कोरलेली. फळीवर उभं राहिलं की मुंग्या कमी होतात, हे बायकांनी आपसूक शोधून काढलेलं. आणखी एक रीत मावशीने शिकवली. सकाळी मशीन सुरू झालं की पहिल्यांदा उलट्या हाताने शिवायचं. "सुलट्या हाताने शिवलीस नि जोराची आली, तर मूठ वळते. मग मशीन तुला सोडत नाय. उलटा हात झटकन मागे येतो." ही रीत मी रोज पाळली. देवाला हात जोडायच्या आधी मशीनला उलटा हात.

मॅनेजरला एकदा सांगून पाहिलं होतं बायकांनी. तो म्हणाला, "करंट नाही तो, गुदगुल्या आहेत. अंगवळणी पडेल." मावशी त्याच्या पाठीमागे म्हणाली, "हां, तुझ्या बापाने अशाच गुदगुल्या केल्या असत्या तर सुधरला असतास."

एक दिवस इन्स्पेक्टर आले. खाकी नव्हे, साधी पँट, बुशशर्ट, हातात चामड्याची पेटी. पेटीतून दांडा फिरवायचं एक यंत्र काढलं, त्याच्या तारा इथे लाव, तिथे लाव, दांडा फिरव, काटा बघ, असं त्यांचं चाललं होतं. आम्ही हात थांबवून बघत होतो. शेवटी खिशातून खडू काढून त्यांनी आमच्या मशीनच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अर्थ नाही'. आणि मॅनेजरच्या खोलीत गेले.

शेडमध्ये वाचता येणारी मी एकटी. बायका म्हणाल्या, काय लिहिलंय? मी वाचलं, पुन्हा वाचलं. "मशीनला अर्थ न्हाई म्हणत्यात," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ह्या मशीनमधी काय राम ऱ्हायला न्हाई. काढून टाकणार."

मशीन गेलं की आम्ही गेलो. एवढं कळायला शाळा लागत नाही. मावशी आधी हसली. "माझ्या घोवाच्या पाठीवर लिवा म्हणावं तेवढा, त्यालाबी अर्थ नाय." पण तिचंही तोंड उतरलं होतं. आणि मग आम्ही सगळ्या जणी, ओल्या हातांनी, पदर खोचलेल्या, मॅनेजरच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. साहेब, मशीन काढू नका. साहेब, मशीन चांगलं आहे. बाटल्या लख्ख निघतात, बघा हव्या तर.

मॅनेजर आधी चक्रावला. मग त्याला कळलं, आणि तो असा हसला की त्याला खुर्चीचा हात धरावा लागला. इन्स्पेक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी कारखान्याच्या वायरमनला सांगितलं, "यांना समजावून सांगा. माझी चूक आहे, मी अर्धंच लिहिलं."

वायरमन मालवणकडचा, तरणा, बोलका. शेडमध्ये येऊन म्हणाला, "अर्थ म्हणजे जमीन. इंग्रजीतली जमीन. मशीनच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट हवी. तांब्याची जाड तार घालून ती वाट करतात. त्याला आम्ही अर्थ देणं म्हणतो. ह्या मशीनला ती तारच नाही."

"मंग आत्ता वीज जाती कुठं?" मी विचारलं.

"वाट नसली की मिळेल तिकडून जाते. तुमच्यातून."

"म्हंजी आमीच अर्थ?"

त्याने आमच्या ओल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. सध्या तुम्हीच अर्थ."

त्या दिवशी जाण्याआधी इन्स्पेक्टर शेडमध्ये परत आले. त्यांनी आमच्या पायांखालच्या फळ्यांकडे पाहिलं. म्हणाले, "बायांनो, विजेचे नियम दिल्लीत झालेत, साऱ्या देशाला एकच. तुमच्या कारखान्याला वेगळे नाहीत. अशा मशीनला जमिनीत जायच्या दोन वेगवेगळ्या वाटा पाहिजेत. एक तुटली तर दुसरी. आणि तो धोक्याचा बोर्ड नुसता इंग्रजीत चालणार नाही, इथल्या लोकांच्या भाषेतही पाहिजे. मी मुदत दिली आहे. परत येईन." मग त्यांनी विचारलं, "कुणाला झटका बसतो का?"

मॅनेजर त्यांच्या मागेच उभा होता. आम्ही सगळ्या बाटल्यांकडे बघायला लागलो.

घरी जाताना माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. दिल्लीत कुणीतरी खुर्चीवर बसून नियम लिहिले. त्याने मला पाहिलेलं नाही. रबाळे कुठे आहे हे त्याला ठाऊक नसणार. तरी त्याने एक तार तुटली तर दुसरी असू दे, असा विचार केला. म्हणजे माझ्या अनवाण्या पायांचा विचार केला. माझ्या सख्ख्या चुलत्याने केला नव्हता तेवढा. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. आणि दुसऱ्याच क्षणी राग आला, की दिल्लीला कळतं ते इथे खुर्चीत बसलेल्याला कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?

मॅनेजरने दुरुस्ती केली. म्हणजे केल्यासारखी केली. एक तार मशीनपासून नळाच्या पाइपाला बांधली, तिला हिरवा रंग दिला. दुसऱ्या वाटेसाठी शेडमागे खड्डा खणला, त्यात एक पाइप उभा केला, भोवती दगडगोटे लोटले आणि वर सिमेंटचं झाकण ठेवलं. वायरमन म्हणत होता, "साहेब, खड्ड्यात कोळसा नि मीठ थरांवर थर घालायचं असतं, वरून पाणी सोडायचं असतं. पुस्तकात दिलंय. कोरड्या मुरमात वीज उतरत नाही." मॅनेजर म्हणाला, "पुस्तकात 'करावे' असं लिहिलंय. 'केलेच पाहिजे' असं कुठे लिहिलंय? ते मार्गदर्शन आहे, कायदा नाही. सल्ला ऐकायला मी काय नवरदेव आहे?" हे बोलणं खिडकीतून आम्हाला सगळं ऐकू आलं.

मुंग्या होत्या तशाच राहिल्या. सकाळचा उलटा हात तसाच राहिला.

मुदत संपत आली. इन्स्पेक्टर उद्या येणार असं कळलं, त्या दिवशी दुपारी मॅनेजरने आमच्या फळ्या गोळा करायला लावल्या. कुंकवाचं बोट ओढलेली, चांदणी कोरलेली, सगळ्या. बॉयलरच्या तोंडाशी नेऊन एकेक आत घातली. म्हणाला, "गेल्या वेळी तो फळ्यांकडे बघत होता. उद्या शेडमध्ये लाकडाचा तुकडा दिसता कामा नये. आणि ऐका, कुणी मुंग्याबिंग्या बोललं तर तो मशीन बंद करील. मग मशीनला खरोखरच अर्थ राहणार नाही. आणि तुम्हालाही." आमची चूक आमच्याच गळ्यात बांधली त्याने. हसला पण.

म्हणजे उद्या दिवसभर त्या पाण्यात, फळीशिवाय उभं राहायचं, आणि विचारलं तर म्हणायचं, काही होत नाही साहेब.

संध्याकाळी वयनी उंबऱ्यावर बसून खुबे फोडत होती. ओहोटीला चिखलात जाऊन आणलेले शिंपले. मी सरळ खोलीकडे निघाले.

"कं गो? तोंड कं काला परलाय?"

मी सांगितलं. सांगता सांगता माझा सूर चढत गेला. बोलले तर काम जाईल, काम गेलं की भाडं कुठून द्यायचं, नवऱ्याला काय सांगायचं. गावी परत गेले तर लोक म्हणतील बघा आली. न बोलले तर उद्या पाणी जास्त, मूठ वळली, सुटली नाही. मला दोन्हीकडून मरण दिसत होतं, आणि मी दोन्ही मरणं तिला सविस्तर सांगितली.

वयनीने सुरी खाली ठेवली. "झाला बोलून? आता माजा ऐक. खोली माजी हाय, त्या म्यानेजरची नाय. काम गेला तं खोली जायची नाय. भारा मना नको, मागीन तवा दे. आनि टोपली हाय. मिठागरावर ये, मी मुकादमाला बोलन."

"मला टोपली न्हाई जमायची, वयनी."

"तुला बोलायला जमल का नाय, ते आदी बघ."

मग ती आत गेली, आणि पाट घेऊन आली. फणसाचा, जाड, मधासारखा पिवळा, खाली दोन उंच पट्ट्या मारलेला. मी तो कोनाड्याशेजारी भिंतीला उभा टेकवलेला रोज पाहायची. तिच्या सासऱ्यांनी आपल्या हाताने केलेला. ह्या पाटावर तिला हळद लागली होती, तिच्या थोरल्याला लागली होती.

"ह्याच्यावर उबी रव."

"वयनी, ह्याला पाय कसा लावू? हळदीचा हाय."

"लाव. लाकराला तुज्या पायाचा इटाल नाय. हलद लागाची तं आदी मानूस जिता रवाला नको काय?"

सकाळी मी पाट डोक्यावर घेऊन निघाले. रस्त्याने लोक बघत होते. गेटवर वॉचमन म्हणाला, "कुणाचं लगीन गं?"

"मॅनेजरचं," मी म्हणाले. कुठून सुचलं कुणास ठाऊक. तोंड माझं नसल्यासारखं चालत होतं.

मॅनेजरने मला शेडच्या दारात अडवलं. "हे काय नाटक? बाहेर ठेव ते."

"भाईर ठेवते. मग मी बी भाईरच उभी ऱ्हाते. साहेब आल्यावर ईचारतील, बाई भाईर का."

इतक्यात जीपचा आवाज आला. त्याला वाद घालायला वेळ नव्हता. मी आत जाऊन पाट ठेवला, पाटाला हात लावून नमस्कार केला, आणि वर चढले. इतर बायका पाण्यात उभ्या. मावशी माझ्याकडे बघून पुटपुटली, "बाई, पाटापायी तू आपलं ताट घालवणार आज."

इन्स्पेक्टर आले. आधी नवा बोर्ड वाचला, मराठीत रंगवलेला, 'धोका'. मग हिरवी तार पाहिली. मग त्यांची नजर माझ्या पायांवर गेली आणि तिथेच थांबली.

"बाई, तुम्ही पाटावर का?"

मॅनेजर म्हणाला, "नवस आहे त्यांचा काहीतरी."

आता इथे मला सांगायला आवडलं असतं की मी ताडकन बोलले. तसं नाही. मला खोली आठवली, उंबरा आठवला, खुबे फोडणारा तो हात आठवला. खोली माजी हाय, त्या म्यानेजरची नाय. मग शब्द आले.

"नवस न्हाई साहेब. खाली उभं ऱ्हायलं की मुंग्या येत्यात. समद्यांना येत्यात. आमच्या फळ्या व्हत्या, त्या काल बॉयलरात घातल्या. ह्या मशीनला अजून अर्थ न्हाई."

इन्स्पेक्टरांनी मॅनेजरकडे पाहिलं.

"खोटं बोलतेय," मॅनेजर म्हणाला. "दोन्ही जोडण्या केल्यात."

"खोटं असंल तर तुमी पायताण काढा," मी म्हणाले, "ह्या पाण्यात उभं ऱ्हावा, नि लावा हात. सुलटा."

मावशीने तोंडाला पदर लावला. मॅनेजरचा चेहरा लाल झाला, पण बूट काही निघाले नाहीत. इन्स्पेक्टरांनी हात वर केला.

"कुणीही हात लावायचा नाही. तुम्हीही नाही, तेही नाहीत. मशीन थांबवा. माणसाचा हात म्हणजे मीटर नव्हे."

"आजवर आमचाच व्हता, साहेब," मावशी म्हणाली. तीच मावशी, जी गेल्या वेळी बाटल्यांकडे बघत राहिली होती. तिचं ऐकून आणखी एक बोलली, मग तिसरी, आणि मग कुणाचं कुणाला ऐकू येईना.

इन्स्पेक्टरांनी पेटी उघडली. मशीनला तारा लावल्या, शेडमागच्या खड्ड्याचं झाकण उचलायला लावलं. आम्ही दारात गर्दी करून बघत होतो. आत दगडगोटे, मधे पाइप, कोरडा ठाक. त्यांनी बराच वेळ काटा पाहिला. मॅनेजरचं पालुपद सुरू झालं, की मीठ-कोळशाचं ते नुसतं मार्गदर्शन आहे, कायदा थोडाच आहे.

तेव्हा इन्स्पेक्टर जे बोलले ते मी कधी विसरणार नाही. आवाज चढवला नाही. "बरोबर आहे. कायदा म्हणतो, वीज जमिनीत गेली पाहिजे, माणसात नाही. ती कशी न्यायची याची एक रीत पुस्तक सांगतं. तुम्हाला ती रीत नको असेल तर नका करू. दुसरी काढा. पण जी काढाल ती माझ्या काट्यावर उतरली पाहिजे. सल्ला नाकारायची मुभा आहे तुम्हाला, कायदा नाकारायची नाही. तुमचा हा खड्डा दोन्हींत बसत नाही." आणि त्यांनी शेडची वीज बंद करायला सांगितली. दोन्ही जोडण्या नीट होऊन त्यांनी स्वतः पाहिल्याशिवाय चालू करायची नाही, असं लिहून दिलं.

वायरमनने खटका खाली ओढला. ब्रश हळूहळू फिरायचे थांबले. मला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. वाटली ती भीतीच.

कारण मॅनेजर म्हणाला ते खरं झालं होतं. मशीन बंद, शेड बंद, हजेरी बंद. गेटच्या बाहेर बायका माझ्याभोवती जमल्या. मगाशी माझ्याबरोबर बोलणाऱ्याच. "आता घे, खा तो पाट." "तुझा नवरा ट्रकवर आहे, आमचे घरी बसलेत." एक जण रडत होती. मी पाट डोक्यावर घेतला आणि चालू लागले. मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. आजही नाही. त्यांच्या रागाला कारण होतं, पण त्या रागाचा धनी मॅनेजर होता, मी नव्हे. कुणीतरी कधीतरी खटका खाली ओढायला लावायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी वयनी मला मिठागरावर घेऊन गेली. "मुकादम, ही माजी बहिन." बस, एवढीच ओळख. उन्हात पांढरे ढीग असे चमकायचे की डोळे मिटून चालावं लागे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीतून खारं पाणी मानेवर ठिबकायचं. पहिल्या दिवशी मी दोनदा पडले. वयनी म्हणाली, "मीठ सांरू नको गो, मेल्यावर पापनीनी भराला लागल." दोन दिवसांनी मावशी आली, टोपली मागायला. मागून आणखी काही जणी. मावशीने माझ्याकडे न बघता चुंबळ वळली आणि मग म्हणाली, "सरक जरा. पाटराणी कुठली."

आम्ही तिथे असतानाच कारखान्याची हातगाडी आली, मीठ न्यायला. बरोबर वायरमन. म्हणाला, "दोन खड्डे नव्याने खणलेत. पुस्तकातल्यासारखे." आमच्या टोपल्यांतलं मीठ गाडीत ओतलं गेलं. मी डोक्यावरून वाहिलेलं मीठ माझ्याच पायांसाठी जमिनीत जाणार होतं. मावशी म्हणाली, "मशीनचा डोहाळजेवण हाय काय?" सगळ्या हसल्या. त्या हसण्यात मीही होते.

इन्स्पेक्टर पुन्हा आले, त्यांनी काटा पाहिला, आणि खटका वर गेला. पहिल्या सकाळी आम्ही सगळ्यांनी सवयीने उलटा हात लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही. मावशीने सुलटा लावला, आणि तशीच उभी राहिली, पत्र्यावर तळवा ठेवून, जसं गाईच्या अंगावर ठेवतात.

मॅनेजरने मला काढलं नाही. इन्स्पेक्टर फिरून येतील आणि ती पाटवाली कुठे विचारतील, ही धास्ती असावी. पण मशीनवरून हलवलं. उन्हाळाभर खड्ड्यांना पाणी घालायचं काम दिलं, बाहेर, उन्हात. त्याला वाटलं ही शिक्षा आहे. मी रोज बादली भरून दोन्ही खड्ड्यांत ओतायची आणि पाणी गुडूप होताना बघायची. बायका मला अर्थवाली म्हणायला लागल्या. म्हणोत. गावी शाळा सुटली तेव्हा चुलते म्हणाले होते, पोरीच्या शिकण्याला काय अर्थ आहे? त्यांना कुणी कळवलं नाही, पण मी कळवते: दोन आहेत, वेगवेगळे, आणि रोज पाणी घालते.

एक सांगायचं राहिलं, पाटाचं नुकसान तपासणीच्या त्या एका दिवसातच झालं होतं. त्या गडबडीत कुणाचा तरी पाय लागून सोड्याची बादली कलंडली, पाट त्या कडक पाण्यात भिजत राहिला. वर तो उन्हात डोक्यावर घेऊन आले. घरी आल्यावर पाहिलं तर मधोमध चीर, आणि पिवळा रंग जाऊन राखेसारखा झालेला. मी तो वयनीपुढे ठेवला आणि मान वर करवेना. ती म्हणाली, "लाकूर हाय. फुटतंय. तू नाय नं फुटलीस?" आणि तो पाण्याच्या हंड्याखाली घातला.

पुढच्या वर्षी तिच्या धाकट्याचं लग्न निघालं. हळदीला पाट शेजाऱ्याकडून मागून आणला. वयनी नाचली, गायली, मला ओढून मधे घेतलं. पण धाकट्याला पाटावर बसवताना तिने त्या परक्या पाटाच्या कडेवरून एकदा हात फिरवला, आणि ते मी पाहिलं.

वयनी, तुला वाचता येत नाही, हे मीच तुला वाचून दाखवीन. नवऱ्याला मी सांगून ठेवलं आहे. महाडकडे गाडी गेली की फणसाचं जुनं लाकूड बघायचं, ओलं नको, चिरलेलं नको. अजून मनासारखं मिळालेलं नाही. पण मिळेल. सुतार मी शोधीन, खाली दोन पट्ट्या तशाच उंच मारून घेईन. तुझ्या नातवाच्या हळदीला पाट माझ्याकडून येईल, माझ्या डोक्यावरून, भर रस्त्याने, आणि कुणी विचारलं कुणाचं लगीन, तर ह्या वेळी मी खरं सांगेन. कायद्याने विजेला जमिनीत जायच्या दोन वाटा दिल्या. जमिनीवर उभं राहायला जागा तू दिलीस. तो पाट मी तुझ्या भिंतीला टेकवल्याशिवाय राहणार नाही.